चाकांवर तांब्याभर पाणी

आत्याबाईंच्या खुर्चीचं पुढचं उजवं चाक लिफ्टच्या दारातच अडकलं. आधी मला वाटलं, फटीत गेलं असेल. लिफ्टची जमीन आणि बाहेरची फरशी यांच्यामध्ये बारीक फट असते. त्यात ते छोटं चाक कधीकधी जातं, मग खुर्ची जरा मागे घेऊन पुन्हा पुढे लोटायची. तसं केलं. खुर्ची पुढे आली, पण चाक फिरलं नाही, नुसतं घासत आलं, आणि फरशीवर काळा ओरखडा उठला. तेवढ्यात लिफ्टचं दार मिटायला लागलं, खुर्चीला लागून उघडलं, परत मिटायला लागलं.

"काय करतेस गं?" आत्याबाईंनी मान न वळवता विचारलं.

"चाक फिरत नाही."

"मग मी उतरून ढकलू का?"

लिफ्टसाठी बाहेर दोन माणसं थांबली होती. मला घाम फुटला. मी हँडल धरून पुढची बाजू उचलायला बघितली, पण आत्याबाई घाबरल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. शेवटी आमच्या शेजारचे चिनी म्हातारे गृहस्थ पुढे आले. त्यांनी पुढून खुर्ची उचलून धरली, मी मागून लोटली, आणि आम्ही घराच्या दारापर्यंत आलो. त्यांनी काहीतरी विचारलं. मला त्यातलं फक्त आंटी कळलं. मी हात जोडले. तेही हसून हात जोडून गेले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. माझे मालक गेल्यावर मुलानं आम्हा दोघींना सिंगापूरला आणलं, हौगांगला, त्याच्या फ्लॅटवर. मुलगा आणि सून सकाळी ऑफिसला जातात, नात शाळेत जाते. दिवसभर घरात आम्ही दोघी. आत्याबाईंचे पाय गेल्यापासून त्या खुर्चीवर आहेत. वॉकर धरून संडासापर्यंत जातात, तेवढंच. बोलायचं त्यांनी आणि ढकलायचं मी, अशी आमची वाटणी आहे. मला परक्या माणसाशी बोलायला आधीपासूनच जमत नाही. गावातसुद्धा दुकानात मी उभी राहिले की दुकानदार बाकी सगळ्यांना देऊन मग माझ्याकडे बघायचा.

खुर्ची नवी आली त्या दिवशीच आत्याबाईंनी एक गोष्ट विचारली होती. बाहेरून फिरवून आणून मी त्यांना दारातून आत घेत होते, तर त्या म्हणाल्या, "थांब. माणूस चपला दारात काढतं. या खुर्चीच्या चपला कुठं आहेत?"

खरंच होतं ते. खालच्या वाटेवर कुत्री फिरवतात, मार्केटात मासळीचं पाणी सांडलेलं असतं, आणि तीच चाकं घेऊन त्या सरळ देव्हाऱ्यापुढे जाऊन पूजेला बसणार. देव्हारा हॉलमध्येच आहे, दाराच्या समोर. तेव्हापासून नेम ठरला. दाराबाहेर खुर्ची थांबवायची, आतून तांब्याभर पाणी आणायचं आणि चारी चाकांवर घालायचं. पुढच्या छोट्या चाकांवर जास्त, कारण ती जमिनीला जास्त लागतात असं त्यांचं म्हणणं. पाणी व्हरांड्याच्या नालीतून जायचं. मग जुन्या फडक्यानं वरवर पुसून आत. मी कधी घाईत विसरले तर त्या दोन्ही हातांनी मोठी चाकं धरून ठेवायच्या. खुर्ची हलायची नाही.

रोज सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही खाली मार्केटला जात होतो. भाजी मी एकटीही आणू शकले असते, पण फुलं त्यांना स्वतः निवडायची असत. मार्केटच्या कोपऱ्याला एका चिनी बाईचं फुलांचं दुकान आहे. आत्याबाई तिच्याशी मराठीत बोलत आणि ती त्यांच्याशी चिनीत.

"ही कालची आहेत. पाणी मारून ठेवलीस म्हणून मला कळत नाही का?" असं म्हटलं की ती हसत काहीतरी बोलायची आणि मागच्या बादलीतून पिवळ्या शेवंतीचा ताजा जुडगा काढायची. दोघी एकमेकींच्या हातावर हात मारायच्या. मी खुर्चीमागे पिशवी धरून उभी. त्या एवढ्यासाठी आत्याबाई पहाटेच केस विंचरून तयार व्हायच्या. दिवसभर मग त्या फुलवालीच्या गोष्टी. "आज तिचा चेहरा उतरलेला होता, घरात काहीतरी झालंय," असं त्या मला सांगायच्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं.

चाक अडकलं तेव्हा मुलगा ऑफिसच्या कामाला जकार्ताला गेला होता. संध्याकाळी सून हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून आली. तिनं वाकून बघितलं, बोटानं चाक ढकललं.

"आई, हे गंजलंय. अजून शनिवारपर्यंत थांबू या का? ते आले की बघतील. नाहीतर नवीन मागवू ऑनलाइन."

"नवीन कशाला? हीच नवीन आहे," आत्याबाई आतून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी एकटीच त्या चाकापुढे बसले. आत्याबाई पलंगावरून बघत होत्या. मी चाकाच्या मधोमध खोबरेल तेल सोडलं. थोडा वेळ थांबून फिरवलं. हलेना. मग वाटलं, बरणीचं झाकण घट्ट बसलं तर गरम पाण्यानं सैल होतं, तसं होईल. कढत पाणी ओतलं.

"आता उटणं लाव आणि न्हाऊ घाल त्याला," आत्याबाई म्हणाल्या.

मला हसू आलं, पण चाक काही हललं नाही. खलबत्त्यातला बत्ता फडक्यात गुंडाळून मी चाकावर हलकेच मारला, मग जरा जोरात. चाकाला काही झालं नाही, ज्या लोखंडी चिमट्यात ते बसवलेलं असतं त्याचा रंग तेवढा उडाला. मुलाच्या पेटीत टेबलं-खुर्च्या जोडायच्या वाकड्या चाव्या होत्या. एकही चाकाच्या मधल्या खिळ्याला बसली नाही. एका डब्यावर तेलाचं चित्र होतं, पण खाली इंग्रजी. ते गंजासाठी आहे की अजून कशासाठी, हे मला वाचता येईना. चौथीपर्यंतचं माझं वाचन मराठीचं. चुकीचं काही घातलं तर चाक कायमचं जाईल म्हणून मी डबा जागच्या जागी ठेवला.

हाताला गंजाची लाल पूड लागली होती. ती धुताना माझ्या मनात एकदा आलं की हे पाण्यानंच झालं असेल. पण ते मी आत्याबाईंना कोणत्या तोंडानं सांगणार होते?

खुर्ची मागे कलंडवून नुसत्या मोठ्या चाकांवर न्यायचा प्रयत्नही मी केला. घरातल्या घरात, पलंगापासून देव्हाऱ्यापर्यंत. अर्ध्या वाटेवर माझे हात थरथरायला लागले आणि आत्याबाई म्हणाल्या, "ठेव. पाडशील." मी ठेवली. त्यानंतर त्यांनी खुर्चीवर बसायचंच सोडलं. पूजा मी करायला लागले. पहिल्या दिवशी त्या पलंगावरून सगळं सांगत होत्या, गंध आधी, मग अक्षता, घंटा हळू वाजव. दुसऱ्या दिवशी नुसतं "झालं का?" विचारलं. तिसऱ्या दिवशी तेही नाही. त्यांच्या खिडकीतून समोरच्या ब्लॉकच्या खिडक्या आणि वाळत घातलेले कपडे दिसतात. त्या तिकडे तोंड करून पडून राहायच्या. ताटातला भात तसाच परत यायचा. विंचरायला गेले तर म्हणाल्या, "कुठं जायचंय?"

आजवर त्यांनी मला चाळीस वर्षं बोल लावले असतील. त्या गप्प बसल्यावर काय करायचं हे मला माहीत नव्हतं.

एका सकाळी मला वाटलं, फुलं तरी आणावीत. ताजी शेवंती बघितली की त्यांना बरं वाटेल. मी एकटी गेले. दुकानापाशी गर्दी होती. मी कडेला उभी राहिले. फुलवालीनं मला ओळखलं, पण खुर्ची दिसली नाही म्हणून ती माझ्या मागे बघायला लागली. पिवळी शेवंती मागच्या बादलीत असेल, पण ती मागायची कशी? आत्याबाई ओरडून मागत. मी समोर जी होती त्या पांढऱ्या शेवंतीकडे बोट केलं. पांढरीही देवाला चालते.

तिचा हात थांबला. तिनं खुर्ची रोज जिथे थांबते त्या जागेकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे बघून हळू काहीतरी विचारलं. मला वाटलं, आल्या नाहीत का असं विचारते आहे. मी मान डोलावली.

ती दुकानाबाहेर आली. माझे दोन्ही हात तिनं तिच्या ओल्या हातात धरले आणि तिचे डोळे भरून आले. मग पांढऱ्या कागदात फुलं बांधली, स्वतःकडून अजून एक जुडगा त्यात ठेवला आणि मान वाकवली. मला वाटलं, किती माया आहे हिची. मीही मान वाकवली.

आत्याबाईंनी फुलं बघितली. "पिवळी नव्हती?"

"संपली होती."

"संपली नसतील. तुला मागता आली नसतील," त्या म्हणाल्या आणि परत खिडकीकडे वळल्या.

संध्याकाळी सुनेनं देव्हाऱ्यापुढची फुलं बघितली आणि मला विचारलं कुठून आणली. मी सगळं सांगितलं. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, इथे पांढरी शेवंती घरातलं कोणी गेलं की नेतात. तिला वाटलं असेल…"

मी स्वयंपाकघरात गेले. त्या बाईनं विचारलं होतं आणि मी मान डोलावून हो म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन तिला सांगावं, तर कसं सांगणार? आत्याबाई आहेत, पलंगावर आहेत, चाक फिरत नाही. यातलं मला कोणत्या भाषेत सांगता येणार होतं? मी आत जाऊन बघितलं. आत्याबाई झोपल्या होत्या. छाती वरखाली होताना दिसेपर्यंत मी दारातच उभी राहिले.

शनिवारी मुलगा आला. बॅग ठेवली, चहा घेतला आणि हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून खुर्ची आडवी केली. पेटीतला तो डबा, ज्याला मी हात लावला नव्हता, तोच गंजाचा निघाला. खाली दुकानातून पाना आणला. नट निघाला, पण मधला खिळा बाहेर येईना. चाकाच्या पोटात तो गंजानं धरून ठेवला होता. मुलानं डब्यातलं तेल दोन्ही बाजूंनी फवारलं आणि तसंच राहू दिलं. जेवल्यानंतर खिळ्याच्या टोकावर लाकडाचा तुकडा धरून वरून हातोडी मारली.

"सरळ लोखंडावर मारलं तर आटे दबतात, मग नट परत बसत नाही," तो म्हणाला. मला माझा बत्ता आठवला.

पुष्कळ वेळानं खिळा केसाएवढा सरकला. मग पुन्हा तेल, पुन्हा ठोकणं. अखेर तो निघाला तेव्हा तांबडा झाला होता, आणि चाकाच्या दोन्ही कडांना लांब पांढरे केस गुंडाळलेले होते. आत्याबाईंचे. मी विंचरायची तेव्हा पडलेले.

"आई, यात पाणी कसं गेलं एवढं?"

मी ते केस चाकावरून सोडवायला लागले. तो दुसरं चाक बघायला लागला. "हेही धरत आलंय. रोज धुता का तुम्ही हे?"

"मी धुवायला लावते," आत्याबाई पलंगावरून म्हणाल्या. किती तरी दिवसांनी त्यांचा आवाज मोठा आला.

"आजी, आत लोखंड आहे. वरून पाणी घातलं की आत जाऊन बसतं. पिळलेल्या फडक्यानं पुसा पाहिजे तर. मी महिन्याला काढून ग्रीस लावत जाईन. पण पाणी ओतायचं नाही."

"कुत्र्याची घाण घेऊन देवापुढे बसू?"

"मग खुर्ची दाराबाहेर ठेवू. आई तुम्हाला तिथून उचलून आणेल."

तो थकला होता, म्हणून तसं बोलला. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातांकडे. नंतर त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

मुलानं खिळा काचकागदानं घासून चकचकीत केला, पिवळं ग्रीस लावलं, चाकं बसवली. बोटानं टिचकी मारली तर चाक फिरतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली गेलो. आत्याबाईंनी केस विंचरून घेतले. मार्केटचा कोपरा जवळ आला तशी माझी पावलं जड झाली. फुलवाली खाली वाकून जुडगे बांधत होती. वर बघितलं आणि हातातलं सगळं खाली पडलं. मग ती धावत आली, आत्याबाईंचे गाल, खांदे, हात चाचपून बघायला लागली. हसत होती, डोळे पुसत होती, आणि माझ्याकडे बघून जोरजोरात बोलत होती, बहुतेक रागावून.

"काय झालं हिला?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुम्ही बरेच दिवस आला नव्हता म्हणून."

"एवढं?" त्या म्हणाल्या. पिवळा जुडगा त्यांनी मांडीवर घेतला, पण कालची की आजची हे विचारलं नाही.

घरी आलो. मी दाराबाहेर खुर्ची थांबवली. मुलानं सांगितलं होतं तरी मी सवयीनं तांब्या भरून आणला आणि तो हातात धरून उभी राहिले. मला वाटत होतं, त्या चाकं धरून ठेवतील. मुलाला नावं ठेवतील, घाल म्हणतील. मी घातलं असतं. चाक परत गंजलं असतं तरी घातलं असतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "घे आत."

"निदान पुसून घेऊ का?"

"राहू दे गं. काय फरक पडतो आता."

तेव्हापासून चाकांवर पाणी पडलं नाही. मुलगा दर महिन्याला ग्रीस लावतो. खुर्ची आवाजसुद्धा करत नाही. आत्याबाई देव्हाऱ्यापुढे बसतात, पण पूजा मीच करते, आणि घंटा मी कितीही जोरात वाजवली तरी त्या हळू वाजव म्हणत नाहीत.

खाली जाताना तांब्या मी अजून दाराशी भरून ठेवते. परत आलो की खुर्ची थांबवून त्यांच्याकडे बघते. त्यांचे हात मांडीवर असतात, फुलांवर. मी थोडा वेळ थांबते आणि खुर्ची आत घेते.