माझ्या लग्नातली विझलेली चूल

माझ्या लग्नाचा अल्बम मी सहसा कुणाला दाखवत नाही. त्यात सगळी माणसं नाकाला रुमाल नाहीतर पदर लावून बसली आहेत, डोळे सुजलेले, आणि नवरदेव तर धरून आणल्यासारखा दिसतो. माझी मुलगी विचारते, आई, तुमच्या लग्नात सगळ्यांना एकदम सर्दी झाली होती का? मी म्हणते, व्हय बाई, झाली होती. खरी गोष्ट मोठी आहे, आणि तिच्यात माझ्या बापाची अब्रू अडकलेली आहे, म्हणून इतकी वर्षं तोंड मिटून होते. आता अप्पा नाहीत. आता सांगते.

आमचं गाव कानडी मुलखात, भालकीच्या पुढं, रुळापासून चार शेतं सोडून. आजोबांची मेंढरं होती. अप्पांपर्यंत मेंढरं संपली, थोडी जमीन उरली आणि एक भांडण उरलं. नाल्याच्या पल्याड माळ आहे, त्याच्या मधून रूळ जातो. मेंढरं तिथं चरायची, म्हणून तो माळ आमच्या गावच्या शिवेत, असं अप्पांचं म्हणणं. शेजारच्या गावाचं म्हणणं, माळ आमचा. त्या माळावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं, पण अप्पा वीस वर्षं तहसीलला खेटे घालत होते. तिथं कानडीत हात जोडायचे आणि घरी येऊन मराठीत शिव्या घालायचे. शेवटी त्यांनी शिवेचा दगड स्वतःच उचलून रुळाच्या पलीकडं नेऊन रोवला, आणि कुणी उपटू नये म्हणून त्याला शेंदूर फासला. वर्षभरात लोक त्या दगडाला नारळ फोडायला लागले. शेजारच्या गावचेसुद्धा.

माझं लग्न आधी दोनदा मोडलं होतं. पहिल्या वेळी मुलाच्या काकांशी अप्पा शिवेवरून भांडले. दुसऱ्या वेळी मी भांडले, कशावरून ते जाऊ द्या. तिसरं स्थळ निर्णा गावचं आलं. मुलगा पुण्यात कंपनीत कामाला. तोवर आमच्याकडं मुलीचे बाप जमीन किती विचारायचं सोडून, पोरगं परमनंट झालंय का, ते विचारायला लागले होते. हा झाला होता. अप्पांनी मला दम भरला की अक्षता पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि आत्यानं अप्पांना तोच दम भरला. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, विधवा होऊन आमच्याकडंच राहिलेली. गावात कुणी गेलं की आधी तिला बोलावणं यायचं, कारण कुणाला कसं न्यायचं, कोण कधी जेवणार, हे सगळं तिच्या तोंडपाठ होतं. अप्पा जगात फक्त तिला भ्यायचे.

लग्नाच्या दिवशी सकाळी घराच्या मागं चर खणून चुलवण पेटवलं होतं. त्यावर तांब्याच्या हंड्यात हुग्गी रटरटत होती. आमच्याकडं लग्नात गव्हाची ही खीर नसेल, तर पाहुणे जेवले असं कुणी मानत नाही. अप्पा नवा फेटा बांधून हुग्गीजवळच उभे होते, आचाऱ्याला कामून एवढा गूळ, कामून एवढा जाळ असं विचारून त्याचा जीव खात होते. मी हळदीच्या अंगानं आत बसले होते. आणि धाडकन आवाज झाला. भांड्यांची उतरंड हलली. आचारी पळाला, त्याला वाटलं हंडाच फुटला.

अर्ध्या तासानं वास आला. दाराला नवा ऑइल पेंट दिल्यावर येतो तसला, पण डोक्यात जाणारा. डोळे चुरचुरायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहताना बघून मावश्या म्हणाल्या, बघा, लेकीला बापाचं घर सोडवेना. मला खरं तर त्या वासानं मळमळत होतं, पण तोंड उघडायचं नव्हतं ना.

मग पोलीस जमादार आला. धापा टाकत मांडवात शिरला आणि त्यानं सरळ आमचा माईक धरला. आता आमच्याकडं लग्नात माईक असतो आहेर पुकारायला. आवाज ऐकून दोन बाया साड्या आणि स्टीलचा डबा घेऊन लगबगीनं त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. तो कानडीत सांगत होता, मग दखनीत, म्हणजे आमच्याकडच्या हिंदीत, सांगायला लागला, की चूल्हा नक्को जलाओ, बीडी नक्को पिओ. माळावर उभ्या मालगाडीवर मागून दुसरी मालगाडी आदळली होती. टाकीचा एक डबा फुटून त्यातलं रसायन सांडत होतं, आणि ठिणगी पडली तर सगळं पेटेल, असं त्याचं म्हणणं. चूक कुणाची, ते त्यालाही माहीत नव्हतं. एका बाईनं तोवर आपला स्टीलचा डबा त्याच्या हातात दिलाच.

अप्पा काही ऐकेनात. हुग्गी अर्धी शिजली होती. त्यांनी जमादाराला सांगितलं की नाला मध्ये आहे, वारं फिरेल, चूल घराच्या मागं आहे, आणि ही हुग्गी उतरली तर ह्या पोरीचं लग्न तिसऱ्यांदा मोडेल. शेवटचं त्यांनी जरा जोरातच सांगितलं. जमादार बिचारा घामाघूम झाला, कारण गावात आणखी वीस चुली विझवायच्या होत्या आणि एकही बाई हलत नव्हती.

आत्या पुढं आली. तिनं एवढंच विचारलं, की कुणी मेलंय का. जमादार म्हणाला, मागच्या इंजिनात दोघं होते, ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार. दोघंही गेले. पत्रा कापल्याशिवाय निघत नाहीत, आणि ठिणग्या उडतील म्हणून कापता येत नाही.

आत्यानं डोक्यावरचा पदर नीट केला. शिवेत मढं पडलं असेल तोवर आमच्याकडं कुठल्या घरात चूल पेटत नाही. वाजंत्री नाही, अक्षता नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अप्पांनाही ठाऊक होतं, म्हणून ते घाईघाईनं म्हणाले,

"ती जागा आपल्या शिवेत न्हाई. नाल्याच्या पल्याडचं समदं त्या लोकांचं हाय."

सगळ्या मांडवानं माना वळवल्या. जमादारानंसुद्धा, डबा धरून. वीस वर्षं ज्या माणसानं त्या माळासाठी गावाला वेठीला धरलं, त्यानं हंडाभर हुग्गीसाठी माळ एका दमात देऊन टाकला होता. मी आतून खिडकीला चिकटून बघत होते आणि मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वीस वर्सं आपलंच म्हनून भांडलास," आत्या म्हणाली. "आता तिथं माणसं पडली तर शीव मागं घ्यायलास व्हय?"

अप्पा घराच्या मागं हुग्गीपाशी गेले. मग त्यांनी स्वतः घागर उचलली आणि चुलवणात ओतली. वाफेचा असा लोट घरावर उठला की जमादार माईक टाकून आडवा झाला. आमच्या घरची चूल विझली म्हटल्यावर गावातल्या सगळ्या चुली विझल्या. जमादाराच्या बोलण्यानं नाही, आत्याच्या.

दुपारी वऱ्हाडाचा टेम्पो आला तो खोकतच. त्यांना बसायला सतरंजी मिळाली आणि खायला चुरमुरे, शेंगा नि केळी. नवऱ्या मुलाच्या मामाला हे पटेना. मढी निघेपर्यंत अक्षता नाहीत म्हटल्यावर तो उठलाच. मुहूर्त टळला तर आम्ही चाललो, असं त्यानं चार वेळा सांगितलं, आणि चौथ्यांदा खरंच टेम्पोवाल्याला हाक मारली. अप्पा त्याच्यापुढं हात जोडून उभे होते. तहसीलदारापुढं उभे राहायचे तसे नाही. खरोखर घाबरलेले. तिसऱ्यांदा लग्न मोडलेली नवरी म्हणून मी त्याच गावात म्हातारी होणार, हे मला चक्क दिसायला लागलं.

तेव्हा नवरदेव बोलला. तोवर मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. डोळे लाल, मुंडावळ्या वाकड्या, नाक गळत होतं.

"मामा, आमच्या कंपनीत माणूस मेला तेव्हा अर्ध्या तासात मशीन चालू केली होती," तो म्हणाला. "मी तिथंच उभा होतो. इथं तरी थांबू."

मामा बसला. मीही आत बसले. खोटं कशाला सांगू, मला तो त्या घटकेला आवडला. त्याच्याशी नंतर मी पुष्कळ भांडले, अजून भांडते, पण ते वाक्य आठवलं की आवाज खाली येतो.

आगीच्या बंबानं फेस मारून मारून रसायन झाकलं, तेव्हा कुठं पत्रा कापता आला. दिवस कलताना गाडी मांडवाच्या समोरून गेली. पांढऱ्या कापडाखाली दोघं होते. सगळे उठून उभे राहिले आणि अप्पांनी नवा फेटा उतरवून काखेत धरला. मग गोरज मुहूर्तावर, वाजंत्रीशिवाय, आमच्यावर अक्षता पडल्या. अर्धकच्ची हुग्गी दुसऱ्या दिवशी म्हशींनी खाल्ली आणि त्यांनाही ती आवडली नाही.

वर्षभरानं मी माहेरी आले होते तेव्हा एक बाई भावाला घेऊन गावात आली. ड्रायव्हरची बायको. तेलुगू बोलणारी, थोडी दखनी येत होती. तिला जागा बघायची होती, नारळ फोडायचा होता. आधी ती शेजारच्या गावात गेली होती, तिथल्यांनी इकडं पाठवलं. हे कुणाचं गाव, कुणाची जागा, असं तिनं विचारलं. अप्पा म्हणाले, हमाराच.

ते तिला माळावर घेऊन गेले, मागून आत्या आणि मी. तिनं शेंदराच्या दगडापुढं नारळ फोडला आणि रुळाकडं तोंड केलं. मग विचारलं,

"दिनभर अकेलेच पडे थे क्या?"

"नै अक्का, अकेले नै थे," अप्पा म्हणाले. "पूरा गाँव चूल्हा बुझाके बैठा था."

तिनं आत्याकडं बघितलं, खरं का म्हणून. आत्यानं उभ्या आयुष्यात अप्पांची चूक कधी सोडली नव्हती.

"हौ बाई," आत्या म्हणाली. "पयला पानी इसीनेच डाला."

खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त अर्धं होतं. त्या बाईनं वाकून अप्पांच्या पायाला हात लावला. प्रसादाचा तुकडा हातात धरून अप्पा उभ्यानं रडायला लागले, आणि त्या दिवशी तर माळावर कसलाही वास नव्हता.