अण्णांचा ट्रंक कॉल

आमच्या घरात कुणालाही ऐकू कमी येत नाही. तरीही आम्ही सगळे हातवारे करून बोलतो.

याला कारण आमचा धंदा. सोलापुरात पुढे चादरींचं छोटं दुकान आणि मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये चार यंत्रमाग. ते चालू असले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून अंगठा तोंडाकडे नेला की चहा, मूठ उघडून दाखवली की सूत संपलं, कपाळाला बोट लावलं की ‘आईला बोलव’. आमचे वडील, म्हणजे अण्णा, या भाषेत इतके मुरलेले की जेवतानाही मीठ हातानंच मागायचे.

अशा घरात सत्तरच्या दशकात, अनेक वर्षं वाट पाहून, फोन मंजूर झाला. टेलिफोन ऑफिसचा माणूस तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन आला, तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी होती. शेजारच्या काकूंनी तर त्याच्या पिशवीलाच नमस्कार केला.

“एकच यंत्र पाहिजे, का दोन?” त्यानं विचारलं. “एक घेतलं तर शेडमध्ये नुसती घंटा लावून देतो. दोन घेतली तर मध्ये खटका बसवतो. खटका फिरवला की तिथली घंटा वाजते आणि दुकानातला फोन शेडमध्ये जातो.”

“दुकानातला फोन शेडमध्ये जातो? आपोआप?” अण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

“नुसती घंटा बरी की,” आई म्हणाली. “वाजली की हे येतील पुढं.”

“मागाच्या आवाजात घंटा ऐकू येणार कुटं, आई?” मी नुकताच पदवीधर झालो होतो, घरातल्या एकूण एक विषयावर माझं मत तयार असे. “आधुनिक व्यापाराला खटकाच हवा. दुकानात मी बोलेन. मालकाची गरज पडलीच तर फोन अण्णांकडे पाठवेन.”

खटका बसला. आईनं दोन्ही यंत्रांना हळदकुंकू लावलं. अण्णा शेडमधल्या फोनसमोर चपला काढून उभे राहू लागले.

या सगळ्या थाटामागं काळजी मोठी होती. धंदा मंदावला होता. अकोल्याच्या एका शेटजींची ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर चारपैकी दोन माग विकायचे, असं अण्णांनी ठरवलं होतं. शेटजी सोमवारी सकाळी ट्रंक कॉल, म्हणजे एक्स्चेंजनं जोडून दिलेला तीन मिनिटांचा परगावचा फोन, करणार होते.

“फोनपुरते माग बंद ठेवू या का?” मी विचारलं.

“माग बंद ठेवून मागाचा धंदा करायचा व्हय? लई शिकलास,” अण्णा म्हणाले. धुतलेलं धोतर नेसून ते सोमवारी पहाटेपासून शेडमध्ये रिसीव्हरवर हात ठेवून उभे होते. (घंटा ऐकू आली नाही, तरी हाताला थरथर कळावी म्हणून.)

फोन आला. मी दुकानात उचलला आणि आरशासमोर पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “नमस्कार, आपल्या सेवेस आम्ही सदैव तत्पर आहोत.”

“ते राहू द्या. तुमचे घरचे माग आहेत का?” शेटजी म्हणाले. “का दुसऱ्याचा माल आपला म्हणून विकून राहिले? मागं एकानं फसवलं मले.”

“आमची उत्पादनक्षमता आणि गुणवत्ता—”

“असं गोड तर दलाल बोलते, बाप्पा. मालक नाही बोलत.”

“थांबा, वडिलांकडे देतो फोन,” मी म्हणालो. मी खटका फिरवला आणि काय होतंय ते बघायला शेडकडे धावलो.

अण्णा टोपी घालून, डोळे मिटून, रिसीव्हर कानाला घट्ट लावून उभे होते. मान भक्तिभावानं डोलत होती. मोकळ्या हातानं त्यांनी चार बोटं दाखवली, मग छातीवर थाप मारली, मग दोन्ही बाजूंना बोट फिरवून चारही माग दाखवले. तोंडातून एक अक्षर नाही. मागे खटाक्-फटाक्, खटाक्-फटाक्. तीन मिनिटं संपली, फोन कटला. अण्णांनी रिसीव्हर जागेवर ठेवून त्याला नमस्कार केला.

मी त्यांना ओढतच अंगणात आणलं. “काय सांगितलंत?”

“सगळं. चार माग हायेत, घरचे हायेत, माल वेळेत देतो.”

“पण तोंडानं बोललात का?”

अण्णांनी आपल्या हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग ओट्यावर बसून राहिले. त्या दिवशी घरात कुणी जेवणाचा विषय काढला नाही, हातानंही नाही.

दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा खणखणला. मी धीर करून उचलला.

“तुमचे वडील मोठे कामाचे दिसते,” शेटजी म्हणाले. “एक शब्द बोलले नाहीत. पण माग काय बोलून राहिले होते, वा! मी तर मुनीमजीलेही ऐकवलं. घरचाच माल आहे, पटलं. पाठवा चादरी.”

त्या दिवसापासून अण्णांनी खटका कायमचा शेडकडे फिरवला. गिऱ्हाइकाचा ट्रंक कॉल आला की मी रिसीव्हर मागासमोर धरायचा आणि तोंड उघडायचं नाही, असा नियम झाला.

पुढे माझ्या लग्नाची बोलणी करायला मुलीच्या वडिलांनी फोन केला, तोही अण्णांनी मला मागासमोरच धरायला लावला. त्यांचा होकार लगेच आला. माझा आवाज मात्र त्यांनी लग्नानंतर ऐकला, आणि तेव्हा फार उशीर झाला होता.