मंगलीच्या कानातला कापूस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे कुणी हसलं तर मी चहा ठेवून उठेन. आता स्वतःच्याच तोंडाने काय सांगू तुम्हाला, पण गावभर दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझं मीच सांगतो.

मी कमी बोलणारा माणूस. आमच्या गावात, पोशेऱ्यात, कुणालाही विचारा. बोललो की मात्र ओढ्यापलीकडे ऐकू जातं, त्याला मी काय करू? शाळा दुसरीपर्यंत. पण बैल पारखावा तर मी! लांबून चाल बघून सांगतो, कुठल्या पायात कसर आहे ते. सांगायचं कारण एवढंच, की सगळा घोळ या बैलांनीच केला.

मंगली माझी नात. यंदा पहिलीत जायची होती. पोरगी गोड, अंगापिंडाने धड, पण तिचं वागणं निराळं. हाक मारली तर वळत नाही. विचारू ते जसंच्या तसं परत देते. मोहाच्या बिया मिळाल्या की ओट्यावर रांग लावते, लहानापासून मोठीपर्यंत. मधली एक बी कुणी हलवली, की घर डोक्यावर! आणि आवाज तर अजिबात सोसत नाही. जीपचा हॉर्न वाजला की कान दाबून पळत सुटते. कुठे पळेल त्याचा नेम नाही. एकदा थेट ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात सापडली. तेव्हापासून माझी सून सविता तिचा हात सोडत नाही. मुलगा ठाण्याला बिगारीवर, म्हणजे सगळं तिच्यावरच.

अंगणवाडीच्या ताई घरी आल्या. म्हणाल्या, "याला स्वमग्नता म्हणतात. पोरीत खोट नाही, पण तिला शिकवायची रीत वेगळी. मोखाड्याला तपासणी आहे. शाळा उघडायच्या आत दाखला घ्या. मग तिच्यासाठी वेगळ्या मॅडम शाळेत येतील."

"आणि दाखला नाय मिळाला तर?" सविताने विचारलं.

ताई वही मिटून उठल्या. सांगायचं काय त्यात? आमचे गुरुजी एकटे आणि पोरं ओसरीपर्यंत. मंगली दारातून सुटली तर ते कुणामागे धावणार? चार दिवसांत सांगतील, घरीच ठेवा. सविता रात्रंदिवस त्या 'घरीच ठेवा'ला भीत होती.

मी म्हटलं, "मी येतो बरोबर. तिथे मी बोलेन. तू गप राहायचं."

"बाबा, पण ताई म्हणाल्या सगळं खरं सांगायचं..."

"मला शिकवतेस?"

झालं. सून चुलीकडे वळली.

आता माझा हिशोब ऐका. सरकार मॅडम देणार. कुणाला देणार? जी पोर शिकण्यासारखी दिसेल, तिला. बाजारात नाही का, धड बैलालाच गिऱ्हाईक असतं! आणि बाजाराची एक रीत आहे. विकणाऱ्याने आपल्या जनावराची खोड आपण होऊन सांगायची नसते. घेणारा डोळे घेऊन आलेला असतो, त्याने बघावं. बुजरा बैल असेल तर त्याच्या कानात कापसाचा बोळा घालायचा. गोंगाटात देवासारखा उभा राहतो. मी असे कितीतरी बैल उभे केलेत!

आधी मी तिची तयारी घेतली. समोर बसवून विचारलं, "तुझं नाव काय?"

"तुझं नाव काय?" मंगली म्हणाली.

"माझं नाही, तुझं!"

"माझं नाही, तुझं!"

आमची म्हातारी चुलीपाशी हसत होती. "सांगा की एकदाचं तुमचं नाव. पोर कधीची विचारते."

मी तयारी सोडली. भरवसा कापसावर ठेवला.

निघायच्या दिवशी सविता भाकऱ्या बांधत होती. तेवढ्यात मी मंगलीच्या दोन्ही कानांत मऊ बोळे बसवले आणि वरून रुमाल बांधला. ऊन लागू नये म्हणून, असं सांगितलं. आणि काय सांगू, पोरीने हूं की चूं केलं नाही! जीपमध्ये माणसावर माणूस, ड्रायव्हर दर वळणाला हॉर्न मारतोय, आणि मंगली खिडकीतून डोंगर बघतेय. सविता चकित. "बाबा, आज ही रडली पण नाय!"

मी मिशीला पीळ दिला. तो फार लवकर दिला.

मोखाड्यात ही गर्दी! आमचा नंबर येईपर्यंत मंगलीने दाराबाहेरच्या सगळ्या चपला रांगेत लावल्या. लहान पोरांच्या सँडलपासून माझ्या टायरच्या वहाणांपर्यंत. मी पायाने दोन-तीन इकडेतिकडे सारल्या. ती कुरकुरत परत लावायला बसली. मग तिला उचलूनच आत नेली.

टेबलामागे डॉक्टरीणबाई. तरुण, चष्मेवाल्या. म्हणाल्या, "बोला आजोबा, काय त्रास आहे?"

"त्रास कसला? काही नाही. एकदम चांगली आहे."

"हाक मारल्यावर बघते?"

"बघते."

"बोलते?"

"भरपूर."

"इतर मुलांशी खेळते?"

"दिवसभर."

सविताने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला नंतर कळलं. तेव्हा नाही.

डॉक्टरीणबाईंनी हाक मारली, "मंगली!" मंगली टेबलावरचे पेन लावत होती. मागे जाऊन टाळी वाजवली. काही नाही. खुळखुळा वाजवला. काही नाही. शेवटी घंटी आणली आणि कानाशी घणघणवली. पोर ढिम्म!

मी मनात म्हटलं, जिंकलो! बैल उभा राहिला!

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "आजोबा, हिला ऐकू येत नाही असं दिसतंय. आधी कानांची मोठी तपासणी करावी लागेल. ती इथे होत नाही, बाहेरगावी जावं लागेल. त्याचा कागद आल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येणार नाही."

"पण शाळा उघडेल तोवर!" सविता उठलीच. "ऐकू येतं हो तिला! लांब घाटात जीप वाजली तरी कान दाबते! भाताची गिरणी लागली की रडून आकांत करते!"

"मग आज का नाही?"

सविताला काय सांगता येणार? तिला कापूस ठाऊक नव्हता. ती नुसती मंगलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आणि मी? मी वरचा पंखा बघत होतो. चांगला पंखा होता. तीन पाती.

सांगतो तुम्हाला, जन्मात कुणापुढे मान खाली घातली नव्हती. पण सुनेने पदर डोळ्यांना लावला आणि दाराबाहेर पुढच्या नंबराची हाक झाली. आता उठलो तर पोर घरीच बसणार. घसा साफ केला.

"कापूस काढा," मी म्हटलं.

"कसला कापूस?"

"कानातला."

"कुणी घातला?"

"बुजू नये म्हणून घालतात," मी म्हटलं. "बैलाला."

डॉक्टरीणबाईंनी हळूच रुमाल सोडला, बोळे काढले. त्याच वेळी शेजारच्या खोलीत कुणीतरी लोखंडी कपाट सरकवलं. मंगलीने कान दाबले, किंचाळली आणि सरळ माझ्या धोतरात तोंड खुपसलं. मी तिला घट्ट धरली. घट्ट धरलं की तिला बरं वाटतं, एवढं मला कळत होतं. जे झाकायला मी एवढा खटाटोप केला, ते सगळं टेबलासमोर मांडलं गेलं.

"गेला सौदा," मी पुटपुटलो.

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं. "आजोबा, बाजारात लोक घ्यायला येतात. आम्ही इथे द्यायला बसलोय. काय कमी पडतंय ते दाखवलं नाही, तर देणार काय?"

मग त्या सविताकडे वळल्या. "आता तुम्ही सांगा. आजोबा, तुम्ही पंखा बघा."

सविताने सगळं सांगितलं. हाक, बिया, ओढा, गिरणी. मी पंखा बघितला.

मंगलीला दाखला मिळाला. शाळा उघडली तशा मॅडम यायला लागल्या. गुरुजींनी तिला कडेची जागा दिली, बिया मोजायला दिल्या. आमच्या शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, कानठळ्या बसतात. मॅडम म्हणाल्या, घंटेच्या आधी हिला खूण करा आणि कान झाकायला काहीतरी द्या.

ऐकलंत? कान झाकायला! म्हणजे औषध माझंच होतं, दिवस चुकला फक्त. गावात मी हे सगळ्यांना सांगितलं. मॅडमनी तिला कानांवर घालायचं एक जाडजूड टोपण आणून दिलं, पण मंगलीला माझा कापूसच आवडतो. डबीत ठेवते. गोंगाट व्हायच्या आधी आपल्या हाताने घालते.

परवा मी ओट्यावर बसून शेजाऱ्याला हेच सांगत होतो, औषध कसं माझं, डॉक्टरांना कसं सुचलं नाही. मंगली शांतपणे उठली, डबी उघडली, कानांत बोळे घातले आणि परत बिया लावायला बसली.

मी इकडेतिकडे पाहिलं. जीप नाही. गिरणी बंद. शाळेला सुट्टी.

आतून म्हातारी आली. मंगलीसमोर हात पसरून म्हणाली, "मला पण दे गं थोडा."