महाराज दारावरून पुढे गेले तो दिवस

सात दिवस मी चौका लावत होते, म्हणजे महाराजांच्या आहारासाठी सोवळ्यातला स्वयंपाक मांडत होते, आणि सातही दिवस महाराज आमच्या दारावरून पुढे गेले. त्या वर्षी आमच्या गावी, सदलग्यात, मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. आमचे जैन मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, आणि निघताना मनात एखादा नेम धरतात. तो ज्या दारात जुळेल तिथंच थांबतात, कुठेच जुळला नाही तर उपाशी परत जातात. नेम काय आहे ते कुणालाच सांगत नाहीत. म्हणून आम्ही बायका सोवळ्यात शुद्ध स्वयंपाक करून, हातात कलश घेऊन दारात उभ्या राहतो. समोरच्या घरी महाराज दोनदा थांबले होते. माझ्या दारात मात्र त्यांची नजरसुद्धा रेंगाळत नव्हती, आणि मला याचं फार वाईट वाटत होतं.

माझा स्वभाव हार मानणाऱ्यातला नाही. कुठंतरी आपलंच चुकतंय असं धरून मी रोज एक नियम वाढवत गेले. विहिरीचं पाणी स्वतः ओढून फडक्यानं गाळून घ्यायचं, दळण स्वतः घरी दळायचं, पहाटेपासून कुणाला शिवायचं नाही. बेळगावातल्या लेकीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू रिलिजियस आहेस. मी स्पिरिच्युअल आहे." मी तिला विचारलं, म्हणजे तुला पहाटे उठावं लागत नाही, एवढाच फरक ना? ती हसली. पण तिचं बोलणं दिवसभर माझ्या डोक्यात कुरकुरत राहिलं.

यजमान गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे आप्पा. आप्पांना मधुमेह आहे. सकाळी इन्सुलिन टोचून घ्यायचं आणि लगेच खायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण ज्या घरी चौका असतो तिथं महाराजांच्या आहाराआधी कुणी तोंडात घास घालत नाही. आप्पांचा नाश्ता मात्र मी रोज पहाटेच करून मागच्या खोलीत झाकून ठेवत असे. आठव्या दिवशी काय झालं, तर आप्पांनी इन्सुलिन घेतलं आणि नाश्ता तसाच ठेवला. सुनेला सात दिवस यश नाही, आपणही थोडा त्याग करावा, असं त्यांच्या मनात आलं. मला न सांगता! आणि माझं सोवळं मोडू नये म्हणून मी त्यांच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलेलं.

साडेनऊला मी दारात उभी राहिले. महाराज गल्लीत वळले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांची पावलं मंद झाली आणि नजर आमच्या दाराकडे वळली. मी कलश सावरून धरला. तेवढ्यात मागून हाक आली. सरकारी शाळेतल्या एक टीचर त्या दिवसांत घरोघर फिरून माहिती लिहून घेत होत्या. पुढच्या दारात मी रांगोळी घातली होती, ती पायाखाली येऊ नये म्हणून त्या वळसा घालून मागच्या बाजूला गेल्या होत्या. तिथल्या खिडकीतून त्यांना आप्पा दिसले.

त्या मागच्या दारातून थेट आत आल्या. "आक्का, म्हातारबाबा घामानं भिजल्यात, बोलता येईना त्यास्नी. साखर कुठं हाय?"

त्यांचा हात माझ्या दंडाकडे येत होता. मी मागं सरकले आणि म्हणाले, "मला शिवू नका."

सोवळ्यात असताना हे मी लेकीलाही म्हणते. पण टीचरना ते माहीत असायचं कारण नव्हतं. आणि आमच्या भागात हे शब्द कुणी कुणाला किती पिढ्या ऐकवलेत, हे मला माहीत असायलाच हवं होतं. त्यांचा चेहरा उतरला. तरी त्या गेल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे, शिवत न्हाय. साखर तेवढी सांगा," म्हणाल्या.

मग मी भानावर आले. कलश उंबऱ्यावर ठेवला आणि आत धावले. महाराजांसाठी काढलेला उसाचा रस पहिल्यांदा हाताला लागला, तोच घेऊन गेले. टीचरनी आप्पांना टेकवून बसवलं, मी घोट घोट रस पाजला. टीचरच्या वडिलांनाही हाच आजार होता, म्हणून साखर उतरलीय हे त्यांनी एका नजरेत ओळखलं होतं. दहा-पंधरा मिनिटांत आप्पांनी मला नावानं हाक मारली. मी रडले. डॉक्टर येऊन तपासून गेले तोवर टीचर पुढच्या घरी निघून गेल्या होत्या, आणि महाराज केव्हाच पुढे गेले होते.

दुपारी मी प्रायश्चित्त मागायला महाराजांकडे गेले. टीचर धावून आल्या, आहाराचा रस घरात वापरला, सोवळं मोडलं, सगळं सांगितलं. महाराज कन्नड मुलखातले, मराठी जपून बोलायचे. त्यांनी एवढंच विचारलं, "आजोबा रस सगळा प्याले?" मी हो म्हणाले. "मग आहार झाला," ते म्हणाले. मला हायसं वाटलं. पण उठता उठता त्यांनी विचारलं, "त्या बाईंना तुम्ही काय दिलं?" ते तीन शब्द मी गाळले होते. मान खाली घालून तेही सांगितले. महाराज म्हणाले, "उपवास नको. त्यांच्या घरी जाऊन या."

शाळेत पत्ता विचारून रविवारी मी निपाणीला त्यांच्या घरी गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. मी हात जोडून चुकले म्हणाले, पुढचं पाठ केलेलं काही आठवेना. त्या नुसत्या "बसा" म्हणून आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी कुठंच बाहेरचं पाणी पीत नाही, आज मात्र देतील ते प्यायचं, असं मी ठरवून टाकलं. माझ्या हातात तांब्या देऊन त्या म्हणाल्या, "गाळून आणलंय, आक्का. चिकोडीला आमच्या शेजारी तुमचीच माणसं हुती."

मी नेम सोडले नाहीत, सोडणारही नाही. पहाटे उठते, सोवळ्यात स्वयंपाक करते, फक्त आता आप्पा जेवल्याशिवाय दारात उभी राहत नाही. चातुर्मास संपेपर्यंत महाराज आमच्या घरी थांबले नाहीत, आणि मला त्याची खंत नाही. धर्म पाळणं माझ्या हातात होतं, ते मी मन लावून केलं. देव कोणत्या दारानं येणार हे माझ्या हातात नव्हतं. ज्यांना मी शिवू नका म्हणाले, त्यांनी माझा नेम माझ्यापेक्षा जास्त सांभाळला. त्या दिवशी मी तो तांब्या शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.