सीलच्या तोंडातलं पाणी

बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो उदगीरच्या जत्रेत, लाल सरबत ओतलेल्या गोळ्यात. पुढे आयुष्यभर मी मुलांना बर्फाळ प्रदेश शिकवले, आधी लातूरला आणि मग निवृत्त होईपर्यंत नांदेडजवळच्या अर्धापूरच्या शाळेत, पण तो गोळा सोडला तर बर्फाला कधी बोट लावलं नाही. लोक हसतात. म्हणतात, बाई, न बघता कसं हो शिकवलंत? मी म्हणते, ज्यांनी आपल्याला ‘उष्ण प्रदेशातले लोक’ म्हणून पुस्तकात बसवलं, ते कधी आपल्याला बघायला आले होते?

ही गोष्ट लातूरची. जिल्हा नवा होता. उस्मानाबादपासून वेगळं झाल्यामुळे गाव छाती फुगवून चालत होतं. दुकानांच्या पाट्यांवर ‘जि. लातूर’ असं ताजं रंगवलेलं, रंगाचा वास अजून न गेलेला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, जीपगाड्या आल्या. पाणी तेवढं आलं नाही. दुष्काळ होता, आणि गल्लीत टँकर शिरला की नव्या जिल्ह्याचा सगळा रुबाब घागरी घेऊन पळत सुटायचा.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते, हंगामी म्हणून. नवरा नांदेडला बँकेत, त्याच्या आईवडिलांकडे. सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी मला एका वर्षाची सवलत दिली होती. वर्षात नोकरी कायम झाली तर लातूरला खोली करून राहा, नाहीतर सामान उचल आणि घर बघायला ये. ‘शिकलेली हाय, हौस झाली, आता बास,’ असं ते माझ्या नवऱ्याला म्हणाले तेव्हा मी चहाच्या कपबश्या घेऊन तिथेच उभी होते.

मला ती नोकरी हवी होती. पगार हवा होता, स्वतःची खोली हवी होती आणि त्या खोलीच्या कुलपाची किल्ली माझ्या कमरेला हवी होती. हे सांगताना मला आजही लाज वाटत नाही.

शाळेत भूगोलाची जागा एक आणि आम्ही हंगामी बाया दोघी. तपासणीचे साहेब येणार, दोघींचा पाठ बघणार आणि शेरा लिहिणार. ज्या बाईचा शेरा चांगला ती राहणार. मला पाठ मिळाला थंड प्रदेशांचा. हेडसरांनी सोबत एक गाइड दिलं. त्यात प्रश्न होता, थंड प्रदेशातील लोक उद्योगी का असतात? उत्तर असं की, थंड हवेने शरीर ताजेतवाने राहते व कामाचा उत्साह येतो, याउलट उष्ण प्रदेशातील लोक सुस्त व आळशी बनतात. गुण दोन.

माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आया तेव्हा रोजगार हमीवर भर उन्हात खडी फोडत होत्या. काही मुली स्वतः सुट्टीच्या दिवशी तिथे पाट्या उचलायला जायच्या. त्यांच्या हातांनी ‘आम्ही सुस्त व आळशी’ असं लिहून घ्यायचं? मी गाइड मिटलं आणि टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घातलं. तिथे ते चांगलं कामाला आलं.

मग मी फळ्यावर तीन रकाने आखले. नांदेडला कॉलेजात असताना एक जाडं पुस्तक वाचलं होतं, त्यातलं आठवत गेले. मुलींना म्हटलं, उत्तरेकडे सगळी एकच थंडी नसते. आपल्याकडे उदगीरचं ऊन आणि नांदेडचं ऊन सारखं असतं का? तशीच तिकडची थंडी. ग्रीनलंडचा एस्किमो (तेव्हा पुस्तकात हेच नाव होतं) समुद्राच्या काठावर राहतो. समुद्र खारा आणि वर गोठलेला. सैबेरियातला याकूत समुद्रापासून लांब, तिथली थंडी सगळ्यात जबर. जमीन आतपर्यंत गोठलेली, विहीर खणायची सोय नाही. लॅपलंडला समुद्रातून कोमट प्रवाह येतो, म्हणून थंडी जरा मवाळ. तिथला लॅप माणूस रेनडिअरचे कळप घेऊन फिरतो.

‘बाई, महादेव बी तितलाच का?’ एकीने विचारलं. आमच्या लातूरचा गावदेवच महादेव, हा प्रश्न यायचाच.

‘तितला नाही, पण थंडीतलाच. म्हणून तर अंगाला राख फासतो,’ मी म्हटलं. वर्ग हसला आणि थंडी त्यांच्या ओळखीची झाली.

मग मी पाण्यावर आले. इतका बर्फ, पण प्यायला पाणी नाही. एस्किमो बाई सीलच्या चरबीचा दिवा लावते आणि त्यावर बर्फ वितळवते. भांडंभर पाण्याला चरबी जळते, म्हणून थेंब वाया घालवत नाहीत. याकूत लोक हिवाळ्याच्या तोंडाला नदीवरचा बर्फ लाद्यांसारखा कापतात आणि दाराशी रचून ठेवतात, लागेल तशी एक लादी घरात. आणि लॅप लोकांचा दुष्काळ कसा येतो माहीत आहे? पावसाने. ऐन हिवाळ्यात पाऊस पडला की तो बर्फावर गोठतो, कडक पापुद्रा धरतो, आणि त्याच्या खालचं शेवाळ जनावराला उकरता येत नाही. मग माणसं झाडं पाडून त्यांच्यावरचं शेवाळ कळपाला घालतात.

‘आमी बी लिंबाचा पाला घातला की म्हशीला,’ मागून आवाज आला. दुसरीने बाजेचं सांगितलं. त्या वर्षी घरोघर तीच रीत होती. बाजेवर बसून आंघोळ करायची, खाली परात ठेवायची, परातीतल्या पाण्यात कपडे धुवायचे आणि ते पाणी मग अंगणात शिंपडायचं. मी ते चौथ्या रकान्यात लिहिलं आणि वर लिहिलं, लातूर.

शेवटी सांगितलं ते सीलचं. एस्किमो सीलची शिकार करतो. घरी आणल्यावर आधी त्याच्या तोंडात गोडं पाणी घालतो. बिचारा जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिला, तहानलेला असणार. त्याचा जीव परत समुद्रात जातो आणि बाकीच्या सीलना सांगतो, त्या घरी मला तहानलेलं ठेवलं नाही. मग तेही येतात. दुसऱ्या बाकावरची एक किरकोळ अंगाची मुलगी उठली.

‘आज्या गेला तवा आमी बी त्याच्या तोंडात घातलं,’ ती म्हणाली. ‘टँकर आला नव्हता. शेजारनीनं दिलं.’

मी तिला बस म्हटलं आणि फळ्याकडे तोंड केलं, कारण मला रडू येत होतं.

तपासणीच्या दिवशी हाच पाठ पुन्हा घेतला. साहेब मागच्या बाकावर बसले. साहेब परके असते तर पुढे जे झालं त्याची मला इतकी चीड आली नसती. ते आमच्याच उदगीरचे, धान्याच्या मोंढ्याजवळच्या गल्लीतले. त्यांची आईही उन्हाळ्यात माझ्या आईसारखीच पाण्यासाठी ताटकळलेली असणार. मध्येच त्यांनी पाणी मागितलं. शिपाई पेला भरून घेऊन आला. साहेबांनी दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी खिडकीतून बाहेर फेकलं.

सगळ्या पोरींच्या माना खिडकीकडे वळल्या. आमच्या शाळेत त्या वर्षी माठाशेजारी एक बादली असायची. उष्टं, उरलेलं सगळं पाणी तिच्यात जायचं आणि संध्याकाळी ते शिपायाच्या शेळ्यांना मिळायचं. पहिलीतल्या पोरीलाही ते ठाऊक होतं. ती दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि अगदी अदबीने म्हणाली, ‘सायेब, बादली इकडं हाय.’

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी तिलाच विचारलं, ‘उभीच आहेस तर सांग, थंड प्रदेशातले लोक उद्योगी का असतात?’

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, डोळ्याने खूणही केली नाही. ती म्हणाली, ‘त्ये बी उद्योगी हायेत आन् आमी बी हाव. पाणी न्हाई म्हणल्यावर बसून भागतंय का?’

साहेब हसले. ‘बाई, यांना नीट उत्तर लिहून द्या,’ ते म्हणाले.

‘गाइडातलं उत्तर मी लिहून देणार नाही.’

‘का बरं?’

‘खोटं आहे म्हणून.’

‘पुस्तकात आहे.’

‘ते ज्याने लिहिलं त्याला यांच्या आयांशेजारी एक दिवस खडी फोडायला बसवा. मग सुस्त कोण ते बघू. आणि साहेब, तुम्ही आत्ता बाहेर फेकलंत तेवढ्या पाण्यासाठी तिकडची बाई दिव्यापाशी चरबी जाळत बसते.’

त्यांचा चेहरा उतरला आणि लगेच चढला. ‘तुम्ही हंगामी ना?’ एवढंच विचारून ते उठले.

हेडसर मनाने चांगले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘बाई, साहेब अजून गावातच हायेत. जाऊन दोन शब्द बोला. माफी म्हणजे तोंडाची वाफ. शेरा बदलतील. कशाला हातातली नौकरी घालवून राहिल्या?’ मी घरी आले. भाकरी थापायला बसले. डोळ्यांसमोर सारखं ते कुलूप येत होतं, त्याची किल्ली, नांदेडचं स्वयंपाकघर. भीती वाटली, भरपूर वाटली. पण माफी कशाची मागायची? माझ्या मुली आळशी नाहीत, याची? मी गेले नाही.

जागा दुसऱ्या बाईला मिळाली. तिचा मला राग नाही, तिलाही चूल होती. वार्षिक परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला, आणि पेपर तिनेच तपासले.

मी लातूर सोडलं त्या दिवशी ट्रंक घेऊन बसस्टँडवर उभी होते. ती दुसऱ्या बाकावरची मुलगी धावत आली. ‘बाई, आमी समद्यांनी त्येच लिवलं. बर्फाच्या लाद्या, सील, बाज, समदं.’

‘गुण?’

‘न्हाई दिले. कुणालाच.’

‘मग?’

‘मग काय. खोटं कशाला लिवायचं?’ तिने ओढणीखालून पाण्याची बाटली काढली. ती भरलेली होती. तिच्या गल्लीत दोन दिवस टँकर आला नव्हता, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, ‘घरी लागेल गं.’

‘घरी हाय,’ ती धडधडीत खोटं बोलली. ‘तुमी प्या. आन् नांदेडला जाऊन सांगा, लातूरनं मला तहानलेलं धाडलं न्हाई म्हणून.’

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी बाटली तोंडाला लावली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. रिकामी बाटली तिच्या हातात दिली, कारण ती तिला लागणार होती.

नांदेडला गेल्या गेल्या मी सासऱ्यांना हे सांगितलं. आणि तेव्हापासून, पुढे अर्धापूरला नोकरी धरली तिथेही, ज्याला त्याला सांगत आले आहे.