चुलीतलं चावडीवर

पाना मॅडमनी माझी ओळख करून घेतली ती माझा कीबोर्ड फोडून. वाडीतल्या गोदामात माझा पहिला दिवस होता. त्यांनी काहीतरी विचारलं, मी स्क्रीनवरची नजर न काढता नुसतं "हं" म्हणालो आणि हातभर लांबीचा लोखंडी पाना माझ्या बोटांपासून इंचभर अंतरावर आदळला. अक्षरं उडाली, त्यातलं एक माझ्या चहात पडलं. "मी बोलून राहिली ना बे? तं माह्याकडं पाहा लागते," त्या म्हणाल्या आणि शांतपणे दुसरा कीबोर्ड आणायला गेल्या. मी बोटं मोजली. सगळी होती. मनात म्हटलं, ही बाई एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार.

पन्नाशीची ठेंगणी बाई, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, नखांत कायमचं काळं ग्रीस. वाडीतल्या ट्रकच्या गॅरेजमध्ये वीस वर्षं काढलेली. पुढे गोदामात खोकी वाहून नेणारे सरकते पट्टे आले, तेव्हा मालकानं मॅडमना त्या पट्ट्यांच्या देखभालीला घेतलं आणि पट्टे चालवणारे प्रोग्राम लिहिणारे आम्ही तिघं त्यांच्या हाताखाली आलो. त्यांच्याबद्दल ऐकीव गोष्टी खूप होत्या. नवऱ्यानं लग्नानंतर दोनदा हात उचलला, तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मॅडमनी पाना त्याच्या गुडघ्यावर घातला. मी एकदा भीत भीत विचारलं, हे खरं का? "खोटं आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही गुडघ्यांवर घातला होता."

आमच्याकडे सात कॉम्प्युटर होते. काही वाडीला, काही लकडगंजच्या गोदामात. प्रत्येकावर कोड लिहून देणारा एआय असिस्टंट. हा असिस्टंट फार कामाचा, पण सांगाल तेवढंच सांभाळतो. कुठल्या फाईलला हात लावायचा नाही, कुठलं काम विचारल्याशिवाय करायचं नाही, हे सगळं त्याच्या सेटिंगमध्ये लिहून द्यावं लागतं. सुरुवातीला सात कॉम्प्युटरांवर सात तऱ्हा होत्या. लकडगंजच्या असिस्टंटला कुणी काही बजावलंच नव्हतं, त्यानं एका सकाळी आमचा महिनाभराचा कोड साफ पुसला. मॅडम लकडगंजला गेल्या, तिथल्या ऑपरेटरला कॉलर धरून बाकावरून उचललं आणि वजनकाट्यावर नेऊन बसवलं. "बस इथंच. माहा राग उतरेपर्यंत उतराचं नाई." तो दुपारपर्यंत बसला होता.

त्यानंतर त्यांनी नियमांची एकच सामाईक फाईल करवून घेतली. एका जागी बदल केला की तो सातही कॉम्प्युटरांवर आपोआप पोचायचा. शिवाय प्रत्येक कॉम्प्युटरची स्वतःची एक छोटी फाईल, फक्त तिथल्या गरजेपुरती. दोन्हींत एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळं लिहिलेलं असेल, तर त्या कॉम्प्युटरवर छोटीचं चालायचं. आम्ही याला इंग्रजी नावं ठेवली होती. मॅडमनी ती पुसून टाकली. सामाईक फाईल म्हणजे चावडी आणि ज्याची त्याची छोटी फाईल म्हणजे चूल. "आपल्या चुलीत काय शिजवाचं थे शिजवा. मिर्ची टाका, माती टाका. पण चुलीतलं चावडीवर आणलं ज्यानं, त्याले मी उभा चिरीन."

आणि दर सोमवारी सकाळी चावडीवाचन! चेष्टा नाही, खरोखर. आम्हाला उभं करून त्या सगळी चावडी मोठ्यानं वाचून दाखवायच्या, तलाठ्यासारख्या. एखादी ओळ कुणाची, का टाकली, हे ज्याचं त्यानं सांगायचं. अडखळला की पाना टेबलावर. मला भयंकर राग यायचा. इंजिनिअर झालो ते काय हे ऐकायला? पण वाचन संपलं की त्याच टेबलावर भाकरी, ठेचा आणि झुणका निघायचा आणि कुणी "पोट भरलं" म्हटलं तर पाठीत असा धपाटा बसायचा की खाल्लेलं खाली उतरून पुन्हा जागा व्हायची.

एका नियमाला मात्र त्या देवासारखं मानायच्या. असिस्टंटनं पट्टा चालवून बघायच्या आधी स्क्रीनवर विचारायचं: चालवू का? मग स्क्रीनपुढच्या माणसानं उठायचं, खिडकीतून खाली पट्ट्याकडे बघायचं, "हात काढा!" म्हणून ओरडायचं, हमालांचा "हाव!" ऐकायचा आणि मगच 'होय' दाबायचं. अडकलेलं खोकं हमाल हातानंच ओढून काढायचे. त्यासाठी लाल बटण होतं, पण घाईत ते कोण दाबतो? सगळे त्या हाळीच्या भरवशावर होते.

माझ्या टेबलावर चाचणीसाठी एक छोटा पट्टा होता, जेमतेम दोन फुटांचा. त्यावर चिमणीसुद्धा चिरडली नसती. दिवसातून शंभरदा 'होय' दाबून मी वैतागलो आणि माझ्या चुलीत लिहिलं: पट्टा चालवताना विचारू नकोस. यात चूक काही नव्हती, मॅडमना माहीत होतं. चूक मी केली ती एका मंगळवारी. मला नवा कॉम्प्युटर मिळाला. त्यावर माझी चूल पुन्हा कोण मांडत बसणार? मी ती जशीच्या तशी चावडीत टाकली, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर ती आपोआप येईल. नंतर काढून टाकू म्हटलं. मग तर्री-पोहे खायला गेलो. परत येईपर्यंत डोक्यातून पार गेलं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्यालगतच्या माळ्यावरच्या कॉम्प्युटरवर स्वतः मॅडम बसल्या होत्या. खोकी मोजण्यात गडबड होत होती, म्हणून त्यांनी असिस्टंटला चूक शोधायला सांगितलं आणि त्याच्या प्रश्नाची वाट बघत बसल्या. प्रश्न आलाच नाही. त्यानं बंद पट्टा सरळ सुरू केला. खाली ईश्वर नावाचा हमाल रुळांमध्ये फसलेलं खोकं ओढत होता. ती किंकाळी मी वरच्या मजल्यावर ऐकली. मॅडमनी खिडकीतून खाली उडी मारली, लाल बटणावर मूठ आदळली, पट्टा थांबला. मग रूळ पान्यानं खोलून त्यांनी ईश्वरचा उजवा हात बाहेर काढला. चारही बोटं चेचलेली. रक्तानं खोकी भिजली होती. मी जिन्यातून खाली उतरलोच नाही.

ईश्वरला दवाखान्यात नेलं आणि मॅडम वर आल्या. चावडी उघडली. कुणी कधी काय बदललं ते त्यात दिसतं. माझं नाव होतं, मंगळवारची वेळ होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता पाना डोक्यात बसणार, आणि खरं सांगतो, बसला असता तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात खालून कल्लोळ झाला. तीस-चाळीस हमाल, हातात पोती ओढायचे हूक आणि फळ्या, जिन्यावरून वर येत होते. पुढे ईश्वरचा धाकटा भाऊ. "कोण सोडला पट्टा? भाहेर काढा त्याले! मुडदा पाडतो त्याचा!"

मॅडमनी मला टेबलाखाली ढकललं. अक्षरशः लाथ घालून ढकललं. "माह्या कॉम्प्युटरवरून सुटला पट्टा," त्या दारात जाऊन म्हणाल्या. "मीच होती तिथं. मले मारा." पाना त्यांच्या हातात होता, पण उगारला नाही. पहिली फळी खांद्यावर बसली, हाड मोडल्याचा आवाज मला टेबलाखाली आला. मग आणखी दोन. त्या पडल्या नाहीत, चौकट धरून उभ्या राहिल्या. रक्ताळलेलं तोंड बघून शेवटी तो भाऊच रडायला लागला. आणि मी? मी टेबलाखालीच होतो. सव्वीस वर्षांचा घोडा, गुडघ्यात डोकं घालून.

दवाखान्यात मी त्यांच्यापुढे हात जोडले. म्हणालो, मी जाऊन सांगतो. "तोंड उघडलं तं जीभ उपटीन," त्या म्हणाल्या. "थे लोकं तुले जित्ता सोडत नाईत. अन् मी तरी काहून उठून पाहिलं नाई? प्रश्न नाई आला म्हणून? डोळे का असिस्टंटले देले होते मी?" मालकानं त्यांना कामावरून काढलं. त्यांची खुर्ची मला मिळाली.

त्यांचा फोन मात्र दर आठवड्याला यायचा. कसा आहेस, बरा आहेस का, काही नाही. एकच प्रश्न: "मूठ मिटते का रे त्याची?" डॉक्टरांनी बोटं वाचवली होती, पण मूठ पुन्हा वळेल याची खात्री दिली नव्हती. ईश्वर आता गेटवर बसायचा, डाव्या हातानं गाड्यांचे नंबर लिहायचा. उजवा हात सदैव खिशात. तो हात मला कधी दिसलाच नाही. "मालूम नाही, मॅडम," एवढंच मी सांगायचो आणि त्या फोन ठेवायच्या.

चहाला सगळे गेटवर जमायचे. ईश्वर रोज मॅडमना शिव्या द्यायचा आणि मी कप हातात धरून ऐकायचो. नऊ महिने ऐकलं. लाज कशाशी खातात, मला विचारा! एका दुपारी तो नव्या हमालांना सांगत होता, "थ्या बाईनं मुद्दाम सोडला पट्टा. पाहून पाहून सोडला. सैतान होती थे." माझ्या हातातला कप खाली आपटला. मी आपटला की निसटला, आठवत नाही.

"मॅडमनी नाही सोडला," मी म्हणालो. "माझ्यामुळे सुटला." मग चूल, चावडी, नवा कॉम्प्युटर, तर्री-पोहे, टेबलाखालचं लपणं, सगळं ओकलो. त्याला किती कळलं कोण जाणे. त्यानं एकच विचारलं, "तुले कवापासून मालूम होतं?"

"त्याच दिवसापासून."

"अन् माह्या भावानं तिचं हाड मोडलं तवा?"

"माहीत होतं."

तो उठला. पुढचं मला डांबरावर पडल्यावर कळलं. गाल फुटला होता, एक दाढ हलत होती. चौघांनी त्याला धरलं होतं आणि तो सुटायला बघत होता.

तसाच रक्ताच्या तोंडानं मी महाल भागातल्या मॅडमच्या खोलीवर गेलो. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मला पाहताच उसळून उठल्या. "कोण मारलं बे? नाव सांग! त्याचे हातपाय—"

"ईश्वरनं. मी सांगून टाकलं त्याला."

त्यांनी आधी मला एक सणसणीत शिवी हासडली. कोणी सांगितलं होतं शहाणपणा कराले? एवढा मार मी कायले खाल्ला? चांगल्या हातानं मेथीची जुडी माझ्या अंगावर फेकून मारली. मग एकाएकी थांबल्या. माझ्या गालाकडे बघत राहिल्या.

"कोण्या हातानं मारलं त्यानं?"

मला आठवावं लागलं. "उजव्या."

"थापड मारली का बुक्की?"

"बुक्की."

त्यांनी माझा जबडा धरून तोंड दाराच्या उजेडाकडे फिरवलं. मी "आई गं" म्हणून ओरडलो, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. गालावर उमटलेल्या वळांवर एकेक बोट टेकवत त्यांनी मोजलं. एक, दोन, तीन, चार. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"चारही आहेत गा," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागल्या. "माय वं, मूठ मिटली त्याची!"