मासा डोक्याकडून सडतो

दादा, वहिनी, आणि माझ्यासारखे गाव सोडून आलेले सगळे,

एसटी सुटताना आईनं खिडकीतून सुक्या बांगड्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर टाकलं आणि सुमनला म्हणाली, "ह्येला उपाशी ठेवू नको." लग्न नवंच होतं. कंडक्टरनं नाक दाबून आम्हा दोघांना मागच्या सीटवर पाठवलं. त्या वासासकट अंबरनाथला उतरलो.

एमआयडीसीत केमिकल कंपनीत हेल्पर लागलो. म्हातारा मालक होता तोवर बरं चाललं. तो गेला आणि जावई खुर्चीवर बसला. त्याला व्हॉल्व आणि नळ यातला फरक कळत नव्हता, पण ओरडायला पहिला. जाणते ऑपरेटर एकेक करून निघून गेले. चहा पिताना आमचे सुपरवायझर म्हणाले, इंग्रजीत म्हण आहे, मासा डोक्याकडून सडतो. वरचा माणूस नालायक निघाला की खालचं सगळं बिघडतं. मी विचारलं, आली कुठनं? तर म्हणे नक्की कुणाला ठाऊक नाही. कोण ग्रीकांची म्हणतं, कोण तुर्कांची. इंग्रजांनी उचलली.

घरी सुमनला सांगितलं. ती बांगडे साफ करत होती. हसली. "एवढं कळायला त्यांना तुर्क लागले? मासा घेताना मी कल्ले उगाच उचलून बघते काय?"

पुढं कंपनीच्या गेटला कुलूप लागलं. दादा, तुमचा निरोप आला, परत या. मी ट्रंक भरली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. पोरं घरात कुजबुजत बोलायची. सुमननं ट्रंक उघडून कपडे परत दोरीवर टाकले.

"कंपनीचं डोकं सडलं, सडू दे. ह्या घराचं डोकं तुम्ही. पोरं तुमच्याकडं बघतात. उठा, दाढी करा."

दाढी केली. उल्हासनगर कॅम्प दोनला एका सिंधी शेठच्या वर्कशॉपात लागलो. पोरं शिकली, आपापल्या वाटेला लागली.

घराचं डोकं मी, हे ती खोटंच बोलली होती. मला उठवायला. डोकं तीच होती.

आता ती नाही, आणि तुम्ही पुन्हा बोलावताय. एकटा काय करतोस तिथं, म्हणता. ऐका. काल दाढी करून बाजारात गेलो. कोळणीसमोर बसून कल्ला उचलला. लाल होता, मासा ताजा. कोळीण म्हणाली, "काकी शिकवून गेल्या की तुम्हाला." कालवण खारट झालं. सुमनच्याच पातेल्यात केलं, तसंच जेवलो.

गणपतीला येतो, दादा. विसर्जन झालं की मला अडवू नका. घरी जायचंय.